गिरण्यांची जमीन, मनोरे आणि फलाटावरची गर्दी

परळ, लालबाग, वरळी, काळाचौकी, भायखळा या पट्ट्याला मुंबईकर गिरणगाव म्हणतात. मुंबईतील ५८ कापड गिरण्यांपैकी बहुतेक गिरण्या याच भागात होत्या आणि त्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. भोंगा झाला की कामगार चाळीतून निघे आणि चालतच गिरणीच्या फाटकाशी पोहोचे. रेल्वे लागे ती कापूस आणण्यासाठी. वर्धा जिल्ह्यात आर्वी परिसराचा कापूस नॅरोगेज गाडीने नाचणगावलगतच्या पुलगाव स्थानकावर येई व तेथून मोठ्या मार्गाने मुंबईची वाट धरी. कामगाराला मात्र घर ते काम एवढ्या अंतरासाठी गाडीची गरज फारशी पडत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर हे चित्र पालटले. संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि यंत्रांपेक्षा त्याखालची जमीन मोलाची ठरली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरविली: एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, दुसरा ‘म्हाडा’ला घरांसाठी, तिसरा गिरणीमालकाला विकासासाठी.

२००१मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न होता केवळ रिकाम्या जमिनीचीच व्हावी, असा तिचा अर्थ होता. ज्या जागेवर गिरणीच्या शेड उभ्या होत्या, ती वाटणीतून वगळली गेली. साहजिकच शहराच्या पदरी पडणारा वाटा आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये या दुरुस्तीचा लाभ मर्यादित करणारा निर्णय दिला; तथापि, ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. त्यापूर्वीच, २००५मध्ये, मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. या आकड्यानंतर जुन्या शेड जपण्याची भाषा कोणाच्या कानी पडणार?

वारसा जतनाचे नियम मुंबईत १९९५पासून आहेत. पण त्यांचा भर मुख्यतः वास्तूंवर. त्यामुळे गिरणगावात जे टिकले ते तुकड्यातुकड्यांनी. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात उभी आहे. काळाचौकीची एक गिरणी वस्त्रसंग्रहालयासाठी राखली गेली. चिमणी जपणे तुलनेने सोपे, कारण तिच्याने कोणाचे चटईक्षेत्र फारसे घटत नाही. घर आणि काम पायी अंतरावर असण्याची रीत हा गिरणगावाचा खरा वारसा होता आणि तो कोणत्याही यादीत बसत नव्हता.

मनोऱ्यांमध्ये कार्यालये आली तेव्हा हा बदल फलाटावर दिसू लागला. गिरण्यांच्या जागी काम करणारा नवा वर्ग चाळीत राहत नव्हता. तो कल्याण, विरार, बोरिवलीहून लोकलने येत होता. स्थानके आणि पूल मात्र जुन्याच मापाचे राहिले. पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचे परळ यांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी, पाऊस आणि गर्दीत, चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. लष्कराने बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८मध्ये खुला झाला, एल्फिन्स्टन रोडचे नाव त्याच वर्षी प्रभादेवी झाले आणि २०१९मध्ये परळहून सुटणाऱ्या लोकल सुरू झाल्या. जमिनीचे निर्णय याच्या कितीतरी आधी होऊन गेले होते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६मध्ये गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करण्याची सूचना केली होती. प्रत्यक्षात प्रत्येक गिरणीचा भूखंड सुटा विकसित झाला आणि दोन भूखंडांमधून चालणाऱ्या माणसाचा हिशेब कोणाच्याच आराखड्यात राहिला नाही.

याच लोकलचा संबंध आता जुन्या कामगाराशीही आला आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. ‘म्हाडा’ने २०१२मध्ये पहिली सोडत काढली, तीत ६,९२५ घरे होती. उरलेल्यांसाठी पुढे वांगणी आणि शेलू येथील घरांचा प्रस्ताव आला. ही स्थानके बदलापूरच्या पलीकडे, नेरळच्या अलीकडे आहेत. तेथून परळला यायचे तर लोकलमध्ये दीड तासाच्या आसपास काढावा लागतो. जुलै २०२५मध्ये कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले, ते घरे मुंबईतच मिळावीत या मागणीसाठी. अनेकांनी ज्या फाटकातून रोज पायी प्रवेश केला, तेथे आज पार्किंगचे अनेक मजले आहेत.

भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि वरळी, सिद्धिविनायक ही स्थानके गिरणगावाच्या पश्चिम कडेला आली. परळचा पूर्व भाग आणि लालबाग यांना तिचा आधार थोडाच. दरम्यान, सप्टेंबर २०२५मध्ये प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूलही शिवडी-वरळी जोडमार्गासाठी पाडण्याकरिता बंद करण्यात आला. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या वाहनांना त्यानंतर दादर आणि करी रोडच्या पुलांवरून वळसा घ्यावा लागला.