बांध आधी, उघाडी नंतर

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या वाटेला लागले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. मेट्रो ९ ची कारशेड याच गावांच्या जमिनीवर आखली गेली, तेव्हा ग्रामस्थांनी विरोध केला आणि पुढे जागा डोंगरीकडे सरकली. अशा प्रत्येक वादात गावकऱ्याच्या हातात सर्वांत आधी असतो तो सातबारा. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि तलाठ्याच्या दप्तरातला कागद सर्व्हरवरची नोंद झाला. कागद जळू शकतो, हे २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीने राज्याला दाखवून दिले होते. पण डिस्कही म्हातारी होते. जुन्या साठवण यंत्राची मुदत संपते, जागा अपुरी पडते, वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एका छताखाली आणावी लागतात. जुन्या यंत्रातली माहिती नव्या व्यवस्थेला जोडण्याची ती घटका सर्वांत नाजूक असते, आणि सार्वजनिक चर्चेत तिच्याबद्दल जवळजवळ काहीच बोलले जात नाही.

ही जोडणी आज बहुधा एका मधल्या थरातून होते. सर्व्हर आणि साठवण यंत्रे यांच्या मध्ये एक नियंत्रक बसतो. मागची यंत्रे कोणत्याही कंपनीची असोत, सर्व्हरला तो एकसारख्या आभासी डिस्का दाखवतो. आयबीएमने २००३ मध्ये बाजारात आणलेला सॅन व्हॉल्यूम कंट्रोलर हे याचे ठळक उदाहरण. फायदा मोठा आहे: मागे जुने यंत्र काढून नवे बसवले, माहिती एकीकडून दुसरीकडे हलवली, तरी पुढचे काम थांबत नाही. पण हा थर नीट काम करतो तो एका गृहीतावर: मागच्या डिस्कवर लिहिणारा तो एकटाच आहे. माझे म्हणणे एका वाक्यात असे: सुरक्षित जोडणी म्हणजे केबल लावण्यापूर्वी मालकी ठरवणे. मालकी न ठरवता केलेली जोडणी कितीही महागड्या यंत्रांची असली तरी ती असुरक्षितच.

कारण असे की डिस्कला मालक ओळखता येत नाही. जुन्या यंत्रातला एखादा भाग पूर्वीच्या सर्व्हरलाही दिसत राहिला आणि नव्या नियंत्रकालाही दिसू लागला, तर दोघेही तो आपलाच समजून लिहितात. एकाने लिहिलेले दुसरा पुसतो, आणि कित्येकदा हे लगेच कळतही नाही. म्हणून दोन कुंपणे लागतात. पहिले सर्व्हर आणि यंत्रे जोडणाऱ्या स्विचवर: कोणते पोर्ट कोणत्या पोर्टशी बोलेल, हे झोनिंगने ठरते. नियंत्रक आणि साठवण यंत्र एका झोनमध्ये, नियंत्रक आणि सर्व्हर दुसऱ्या झोनमध्ये. सर्व्हर आणि मागचे यंत्र एकाच झोनमध्ये कधीच नाहीत. दुसरे कुंपण खुद्द साठवण यंत्रावर: डिस्कचा कोणता भाग कोणाला दाखवायचा, याची यादी. कोणी म्हणेल, फायरवॉल आहे, पासवर्ड आहेत, मग एवढे कशाला? ती व्यवस्था परक्याला अडवते. इथे नुकसान करणारा आपलाच, पूर्ण अधिकार असलेला सर्व्हर असतो आणि तो नेमून दिलेलेच काम करत असतो. त्याला जे दिसायला नको ते न दाखवणे, हाच उपाय.

मालकी ठरली, तरी माहिती आत घेण्याची रीत उरतेच. भरलेली डिस्क नियंत्रकाला दोन प्रकारे देता येते. एका प्रकारात ती जशी आहे तशीच, ओळीला ओळ जुळवून, पुढे दाखवली जाते. आतला मजकूर शाबूत राहतो आणि मग सावकाश नव्या जागी हलवता येतो. दुसऱ्या प्रकारात डिस्क सामायिक पूलमध्ये, म्हणजे अनेक डिस्कांच्या एकत्रित साठ्यात, टाकली जाते, तिचे तुकडे पाडले जातात, आणि आधीचा मजकूर गेलाच म्हणून समजावे. पडद्यावर या दोन पर्यायांत अंतर असते ते एका निवडीचे, परिणामात असते ते हजारो नोंदींचे. म्हणून जोडणीपूर्वी वेगळ्या जागी प्रत घेणे आणि ती प्रत खरोखर उघडते का हे पाहणे, ही कामे वेळ वाचवण्यासाठी गाळण्यासारखी नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. सगळे एका थराखाली आणले तर एका बिघाडाने सगळेच बंद पडेल. हे खरे आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २५ ऑगस्ट २०१० रोजी सामायिक साठवण यंत्रातल्या मेमरी कार्डाच्या बिघाडातून २६ सरकारी संस्थांचे काम अडले. वाहनचालक परवाने देणे कित्येक दिवस बंद होते. आभासी थरातही हा धोका आहे: पूलमधली एक डिस्क नाहीशी झाली की सबंध पूलच बंद पडतो. पण यातून निघतो तो शिस्तीचा नियम, थर नाकारण्याचे कारण नव्हे. दोन वेगळ्या यंत्रांच्या डिस्का एका पूलमध्ये मिसळू नयेत. नियंत्रक जोडीने असावेत, स्विचची दोन स्वतंत्र जाळी असावीत. नियंत्रकांचा आपसातला संपर्क तुटला तर निकाल देणाऱ्या पंच डिस्का वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवाव्यात.

मग सगळे क्लाउडवरच का नेऊ नये, असेही विचारले जाते. क्लाउडमध्येही असाच थर असतो, फक्त तो दुसऱ्याच्या आवारात असतो. आणि तिथे माहिती न्यायची तरी जुनी डिस्क एकदा जोडावीच लागते. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉनच्या सरकारी माहिती केंद्रात बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या सामायिक क्लाउड साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती गेली. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच नव्हती. आरशासारखी जुळी प्रतही पुरत नाही, कारण चुकीने पुसलेले ती त्याच क्षणी पुसते. प्रत वेगळ्या जागी, वेगळ्या काळातली हवी.

म्हणून सरकारी निविदेत टेराबाइट आणि वेग यांच्याबरोबर झोनचा नकाशा, मालकीची यादी, माघारी फिरण्याची लेखी वाट आणि प्रत उघडून पाहिल्याची नोंद मागितली पाहिजे. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो आधी कापला जातो. भाईंदरच्या मिठागरांना ही शिस्त जुनी आहे. भरतीचे पाणी आगरात हवेच असते, त्याशिवाय मीठ पिकत नाही. पण बांध पक्का असल्याशिवाय उघाडी, म्हणजे पाणी आत घेणारे दार, उघडत नाहीत, आणि कोणते पाणी कोणत्या वाफ्यात जाणार हे ते आत येण्यापूर्वीच ठरलेले असते. राईच्या शेतकऱ्याचे नाव ज्या डिस्कवर आहे, तिला याहून कमी काळजी पुरणार नाही.