मोबाईलवरून झाड ओळखता येतं, पण त्याचं फळ खायचं का? आधी हे वाचा

आमच्या बुवापाड्यातल्या बिल्डिंगच्या मागे एक झुडूप आहे. कोणी लावलं, कोणालाच आठवत नाही. पावसाळा सुरू झाला की त्याला छोटी लाल फळं लागतात. मागच्या जूनमध्ये माझी सात वर्षांची भाची मूठभर फळं घेऊन आली. "मामा, ही चेरी आहे ना? खाऊ?"

मी म्हटलं, थांब, मोबाईलला विचारू. लाल फळाचा फोटो काढला. एका अ‍ॅपने उत्तर दिलं, 'सुरीनाम चेरी'. म्हणजे खाण्याची. मी हो म्हणणारच होतो, पण सहज एका अर्धवट पिकलेल्या, नारिंगी फळाचा फोटो टाकला. आता उत्तर आलं, 'ड्युरांटा'. ते फळ विषारी असतं!

झाड एक, उत्तरं दोन. मग खरं कोणतं? खरं तर दोन्ही चुकीची होती.

अ‍ॅप का चुकतं?

झाड ओळखणारी अ‍ॅप्स लाखो फोटोंवरून शिकलेली असतात. तुमचा फोटो त्यातल्या कशासारखा दिसतो, एवढंच ती सांगतात. लहान, गोल, लाल फळं शेकडो झाडांना येतात. त्यामुळे नुसत्या फळाचा फोटो म्हणजे अंदाजपंचे काम.

आणखी एक गोष्ट. प्लँटनेटसारखं अ‍ॅप नावापुढे टक्के दाखवतं. समजा ७० टक्के आले, तर त्याचा अर्थ फोटो त्या झाडाशी बऱ्यापैकी जुळतो, इतकाच. फळ ७० टक्के सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ अजिबात नाही.

मग फोटो कसे काढायचे?

१. फूल: सगळ्यात महत्त्वाचं. फूल नसेल तर काही दिवस थांबा. समोरून आणि बाजूने, दोन फोटो घ्या.

२. फांदीसकट पानं: पानं समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक, हे दिसलं पाहिजे.

३. फळ: अख्खं आणि कापलेलं, दोन्ही. बिया मोजा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो.

४. पूर्ण झुडूप: थोडं लांबून.

गूगल लेन्समध्ये चौकट ओढून फक्त फूल किंवा पान निवडा, मागची भिंत नको. प्लँटनेटमध्ये प्रत्येक फोटो पानाचा, फुलाचा की फळाचा ते निवडता येतं आणि एकाच झाडाचे अनेक फोटो एकत्र देता येतात.

आमचं झुडूप कसं ओळखलं?

आठवड्याने फुलं आली. गुलाबी, पाच पाकळ्यांची, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या. इथेच बाकीची दोन नावं बाद झाली:

- सुरीनाम चेरी: फूल पांढरं, मधे पुंकेसरांचा झुबका. फळाला भोपळ्यासारख्या सात-आठ उभ्या कडा.
- ड्युरांटा: फुलं निळी-जांभळी. पिवळी-नारिंगी फळं घोसाने लोंबतात. सोसायट्यांच्या कुंपणाला हेच झाड खूप लावतात.

आमच्या फळाला तीन पुसट फुगवटे होते आणि आत तीन बिया. पानं जोडीने. सगळे फोटो एकत्र दिल्यावर उत्तर आलं, 'बार्बाडोस चेरी', म्हणजेच असेरोला. शास्त्रीय नाव माल्पिघिया इमार्जिनाटा. आपल्याकडे नर्सरीवाले नुसतं चेरी म्हणतात. या फळाच्या १०० ग्रॅममध्ये १००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं. संत्र्यात ते ५० च्या आसपास असतं.

तरीही लगेच खाल्लं नाही. ओळखीच्या, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना फांदी दाखवली. त्यांनी होकार दिल्यावरच भाचीच्या हातात फळ दिलं. तिचं मत: "आंबट आहे!"

असं कोणी ओळखीचं नसेल तर आयनॅचरलिस्टवर फोटो टाका. तिथे माणसं नाव तपासतात. झाड लावलेलं असेल तर 'कल्टिव्हेटेड' वर खूण करा. आणि घराचा पत्ता सगळ्यांना दिसू नये म्हणून लोकेशन 'ऑब्स्क्युअर्ड' ठेवा.

घरगुती नियमांवर विसंबू नका

"पक्षी खातात, म्हणजे चालतं." चूक. ड्युरांटाची फळं पक्षी आरामात खातात, पण मुलांना त्यांनी विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

"चीक आला म्हणजे विषारी." हेही चूक. मे महिन्यात आपण द्रोणातून घेतो त्या करवंदाला चीक असतोच की.

"थोडंसं चाखून बघू." हे तर मुळीच नको.

चुकून खाल्लंच तर?

उलटी करवू नका. तोंडातलं उरलेलं काढा, फळ आणि फांदी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे, २४ तास चालतो. त्रास होत असेल तर थेट १०८ ला फोन करा.

थोडक्यात काय, अ‍ॅप नाव सुचवतं. फूल, पान आणि बी बघून ते नाव तपासायचं आपण, आणि खायचं ते जाणकाराने होकार दिल्यावरच. विषाचा नंबर मात्र आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.