गर्भाशयोच्छेदन
गर्भाशयोच्छेदन : शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढून टाकणे. ही शस्त्रक्रिया उदरमार्गे, योनिमार्गे किंवा उदरदर्शकाच्या साहाय्याने करतात.

कारणे : गर्भाशयातील तंतुमय अर्बुदे (गाठी), औषधांनी न आटोपणारा रक्तस्राव, गर्भाशयभ्रंश (अंग बाहेर येणे) व कर्करोग ही प्रमुख कारणे होत. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव अन्य उपायांनी थांबत नसल्यास प्राणरक्षणार्थ ती तातडीने करावी लागते.

परिणाम : ऋतुस्राव व गर्भधारणक्षमता कायमची संपते. रक्तस्राव, जंतुसंक्रामण आणि मूत्राशय वा मूत्रवाहिनीस इजा हे उपद्रव संभवतात. अंडकोशही (स्त्री-जनन ग्रंथी) काढल्यास ऋतुनिवृत्ती तत्काळ येते व अस्थी ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. ते ठेवले तरी ऋतुनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. म्हणून कर्करोगेतर विकारांत, विशेषतः तरुण स्त्रियांत, औषधोपचार किंवा केवळ अर्बुद काढणे यांसारखे पर्याय आधी विचारात घ्यावे लागतात.

महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे उघडकीस आल्यावर शासनाने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अंमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.