मऊ पडलेला ब्रेक



कोथरूडहून पौड रस्त्यानें निघालेली गाडी चांदणी चौक ओलांडते, मुळशीचें धरण मागें टाकते आणि ताम्हिणी घाटानें माणगांवकडे कोंकणांत उतरते. बिऱ्हाड हलविणाऱ्याचें सामान असो, लग्नघरचीं भांडीं असोत, कीं परतीच्या आंब्याच्या पेट्या असोत. हा सारा व्यवहार पिकअप किंवा टेम्पो या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लहान मालमोटारींवर चालतो. त्यांतल्या पुष्कळ गाड्या जुन्या असतात, आणि जुन्या गाडीच्या चालकाच्या तोंडीं एक वाक्य हमखास ऐकूं येतें : “ब्रेक जरा मऊ आहे, पण दोनदां दाबला कीं लागतो.” या वाक्याच्या उत्तरार्धांत जो धोका दडलेला आहे, त्याचा आज विचार करूं.

बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोंचतो, हा सिद्धांत सतराव्या शतकांत पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानें मांडला. त्याच्या आधारें १९२१ सालीं अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कंपनीनें चारही चाकांना द्रवचालित ब्रेक असलेली मोटार विक्रीस आणली. आपल्या पिकअपमधील योजना मूलतः तीच आहे. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक-ऑईल पुढें रेटतो. तें नळ्यांतून चाकापाशीं पोंचतें आणि तेथें लायनर ड्रमवर किंवा पॅड डिस्कवर आवळले जातात. द्रव दाबानें जवळजवळ आक्रसत नाहीं, म्हणूनच पायाची आज्ञा तत्काळ चाकास मिळते. हवा मात्र आक्रसते. रंगपंचमीची पिचकारी पाण्यानें कांठोकांठ भरून तिच्या तोंडावर बोट घट्ट धरा. दट्ट्या हलणार नाहीं. तींत थोडी हवा राहूं द्या; दट्ट्या लवचिकपणें आंत जाईल. मऊ पेडलाचें मर्म बहुधा यांतच असतें.

तथापि मऊपणाचे प्रकार निरनिराळे आहेत, आणि ते पायालाच ओळखतां येतात. गाडी सपाट जागीं उभी करावी, चाकांना दगड लावावेत व इंजिन चालूं ठेवून पेडल दाबून पाहावें. इंजिन सुरू होतांच पेडल किंचित् खालीं जाणें, हा ब्रेकला साह्य करणाऱ्या बूस्टरचा स्वाभाविक धर्म आहे. तो दोष नव्हे.

पेडल स्पंजासारखें लवत असेल, तर नळ्यांत हवा शिरली आहे असें समजावें. क्वचित् जुने रबरी होस पाईप दाबानें फुगतात, त्यामुळेंहि असेंच वाटतें. पेडल पहिल्यानें बरेंच खालीं जाऊन लगेच दुसऱ्या दाबास वर आणि टणक लागत असेल, तर बहुधा मागच्या चाकांतील लायनर झिजून ड्रमपासून दूर राहिले आहेत. ते जुळवावे किंवा बदलावे लागतात. पाय स्थिर ठेवला असतांहि पेडल हळूहळू तळाकडे जात असेल, तर तेल कोठें तरी निसटत आहे. अशा वेळीं टाकीची पातळी पाहावी. ती उतरत असेल, तर गळती बाहेर आहे. चाकांच्या आंतल्या बाजू, नळ्या व सांधे तपासावे. पातळी कायम असेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरें झिजलीं आहेत आणि तेल आंतल्या आंत मागें सरत आहे. हा दोष सर्वांत फसवा, कारण जमिनीवर तेलाचा थेंबहि दिसत नाहीं.

चौथा प्रकार सपाटीवर आढळतच नाहीं. तो घाटांत प्रकट होतो. अडीच टन वजनाची गाडी ५०० मीटर खालीं उतरते, तेव्हां जी शक्ति मोकळी होते, तिनें ३० अंशांचें सुमारें ४० लिटर पाणी उकळेल. गाडी खालच्या गिअरमध्यें असली कीं इंजिन यांतला मोठा वांटा उचलतें. न्यूट्रलमध्यें सोडली कीं जवळजवळ सर्व भार ब्रेकवर पडतो. आतां नेहमीचें ब्रेक-ऑईल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ जातीचें नवें तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. परंतु त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलें, कीं तीच मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळलें कीं नळींत वाफ होते, वाफ आक्रसते, आणि सकाळीं कोथरूडांत उत्तम लागलेला ब्रेक दुपारीं उतारावर निकामी होतो. यास्तव सामान्यतः दर दोन वर्षांनीं तेल बदलणें हितावह असतें.

हवा काढण्याचें काम दोघांचें आहे. एकानें पेडल दाबून धरावें. दुसऱ्यानें चाकाचा निपल सैल करावा व त्यास लावलेल्या पारदर्शक नळीचें टोंक बाटलींतील तेलांत बुडवून ठेवावें. बुडबुडे निघतील. निपल बंद केल्यावरच पाय उचलावा, नाहींतर हवा पुन्हा आंत ओढली जाते. साधारणतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. गाडीच्या पुस्तिकेंत निराळा क्रम असेल, तर तोच प्रमाण मानावा. टाकी मध्येंच रिकामी होऊं देऊं नये, आणि काढलेलें तेल पुन्हा ओतूं नये. इंजिनचें तेल तर चुकूनहि घालूं नये. त्यानें ब्रेकचीं रबरें फुगून सर्व यंत्रणा बिघडते. हवा काढूनहि मऊपणा परत आला, तर ती कोठून शिरते याचा शोध मिस्त्रीकडून करून घ्यावा.

उतारावरच पेडल खालीं गेलें, तर भराभर दाबीत राहावें, क्रमाक्रमानें खालच्या गिअरमध्यें यावें व हँडब्रेक बेताबेतानें ओढावा. “दोनदां दाबला कीं लागतो” ही युक्ति खरोखर या प्रसंगासाठीं आहे, नित्याच्या वापरासाठीं नव्हे.

कोथरूडच्या टेकडीवर १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था नव्या वाहनांची कसून परीक्षा करते. परंतु तीस वर्षें वापरलेल्या गाडीची परीक्षा रोज सकाळीं तिच्या चालकानेंच करावयाची असते. सामानाची गाडी ठरवितांना आपण भाड्याची घासाघीस करतों. त्याच वेळीं ब्रेक कसा लागतो, हेंहि विचारावें. उत्तरांत “पण” हा शब्द आला, तर सामान दुसऱ्या गाडींत चढवावें.