मोटारीच्या समोरील काचेचा तडा

रहिमतपूरच्या रस्त्यावर पुढील वाहनाच्या चाकाने उडविलेला खडा मोटारीच्या काचेवर आदळून बारीकसा टवका उडतो. तो क्षुल्लक मानणे धोक्याचे होय. ग्रिफिथ यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धान्तानुसार तड्याची लांबी चौपट झाल्यास तो पुढे सरकण्यास निम्माच ताण पुरतो. चैत्रातील उन्हाने तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतले असता पृष्ठभाग आकसतो व असा ताण निर्माण होतो. ओलाव्यानेही तड्याचे टोक दुबळे होते. म्हणून टवका पारदर्शक चिकटपट्टीने त्वरित झाकावा व त्यात कृत्रिम राळ भरवून ती जंबुपार किरणांनी घट्ट करवून घ्यावी. मधल्या प्लास्टिकच्या थरामुळे फुटलेली काच विखुरत नाही, हे खरे. तथापि तडा चालकाच्या दृष्टीआड येत असल्यास काच बदलणेच इष्ट.