दम कुणाला लागतो?

जुन्नरला शिवनेरी चढताना सात दरवाजांपैकी तिसऱ्या-चौथ्यापाशी एखादी जाड मुलगी टेकली, की आपण लगेच म्हणतो, "वजन कमी कर गं." तिची फुप्फुसं बहुधा धडधाकट असतात. पण पोटावरची चरबी श्वासपटलाला वर रेटते, आणि साधा श्वास सोडल्यावर छातीत जी हवा शिल्लक राहायची ती घटते. जोरात फुंकायच्या चाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, हे नीटसं दिसतच नाही. पहिल्या सेकंदात सुटलेली हवा आणि एकूण हवा यांचं प्रमाण बहुतेक वेळा नॉर्मल येतं, तरी दम लागतो. मग तिला आळशी ठरवायला आपण मोकळे!

आता आंबेगावच्या डोंगरातली, पाच फूट उंचीची, ३८ किलोची पोर घ्या. तिला आपण कौतुकानं "काटक" म्हणतो. पण अंगाचे स्नायू झिजतात तसे श्वासाचेही झिजतात. छातीभर हवा घ्यायची नि सोडायची ताकदच कमी पडते. त्यात चुलीचा धूर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण पाचातल्या एका स्त्रीचं वजन कमी भरलं होतं. या पोरीला फुंकायच्या चाचणीला न्यावं, असं मात्र आपल्या मनातही येत नाही.