मोबाइलचा आवाज बसला तर काय करावे?
दुकानदार व कारागीर बंधूंसाठी उपयुक्त माहिती

व्यापारात जुबानी सौद्याला आजही किंमत आहे. सुरत, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीहून अमरावती-अकोल्याला येणारा कापडाचा माल पुष्कळदा फोनवरच ठरतो. भाव, मीटर, ताके, बिल्टीचा नंबर, सारे तोंडी. अशा वेळी फोनचा आवाज तुटला की ‘सात’चे ‘साठ’ आणि ‘उनसठ’चे ‘उनहत्तर’ ऐकू येते. मीटरमागे दहा रुपयांची गफलत हजार मीटरला दहा हजारांची होते. शिवाय वर्षानुवर्षांच्या संबंधात कडवटपणा येतो तो वेगळाच. म्हणून फोनच्या आवाजाची तक्रार किरकोळ समजू नये.

आकडेच का चुकतात?
टेलिफोनवर पूर्वीपासून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पाठविला जाई. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या अक्षरांचा बराचसा भाग त्याहून वरचा असतो, तो गळून जातो. माणूस ओळखू येतो, पण आकडा नीट कळत नाही. आता ज्याला एचडी व्हॉइस म्हणतात त्यात ७००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज जातो. मात्र त्यासाठी दोन्हीकडचे फोन व नेटवर्क त्या सोयीचे हवेत. फोनच्या सिम सेटिंगमध्ये व्होएलटीई हे बटण असेल तर ते चालू आहे का, एवढे आधी पाहून घ्यावे.

दोष कोणाचा, हे प्रथम ठरवा
एकाच व्यक्तीशी बोलताना त्रास होत असेल तर दोष बहुधा त्यांच्याकडचा. दुकानात त्रास आणि रस्त्यावर आले की आवाज साफ, तर दोष सिग्नलचा. पत्र्याचे गोदाम, तळघर, जाड भिंती यांत सिग्नल कमजोर होतो. अशा ठिकाणी इंटरनेट असल्यास वाय-फाय कॉलिंगचा उपयोग होतो. सर्वांशी व सगळीकडेच त्रास असेल तर मात्र आपला फोन तपासावा.

तपासणी सोपी आहे. फोनमधील रेकॉर्डर लावून दहा आकडे बोला आणि ऐका. रेकॉर्डिंग दबके किंवा तुटक असेल तर खालच्या माइकवर संशय घ्यावा. रेकॉर्डिंग चांगले, पण कॉलमध्ये समोरच्याचा आवाज बारीक, आणि स्पीकर लावताच तो मोठा येतो, तर कानाजवळची जाळी तुंबलेली असण्याचा संभव जास्त. बऱ्याच फोनला वरच्या बाजूसही एक बारीक छिद्र असते. तो दुसरा माइक असून आजूबाजूचा गोंगाट कमी करण्याचे काम करतो. स्वस्त कव्हरने किंवा काचेने तो झाकला गेला तर आपला आवाज मधूनमधून गायब होतो. कव्हर काढून एक कॉल करून पाहावा.

रुई आणि धाग्यांची धूळ
वऱ्हाडात हा आजार विशेष आहे. कापडाचे दुकान, शिंपीकाम, गाद्या-रजयांचे काम, जिनिंग, सगळीकडे बारीक तंतू उडतात आणि खिशातल्या फोनच्या छिद्रांत जाऊन बसतात. फोन बंद करून मऊ, कोरड्या ब्रशने जाळी हलक्या हाताने झाडावी. सुई, टाचणी घालू नये, माइकचा पडदा फाटतो. पंक्चरवाल्याच्या हवेचा झोतही मारू नये, घाण आत ढकलली जाते. इअरफोनच्या छिद्रात तंतू अडकले तर फोनला इअरफोन लागल्याचा भास होतो आणि स्पीकर मुका होतो.

सेटिंगची गफलत
कॉलचा आवाज आणि गाण्यांचा आवाज हे वेगवेगळे असतात. कॉल चालू असतानाच बाजूचे बटण दाबून कॉलचा आवाज वाढवावा. ब्लूटूथ चालू राहिले तर आवाज घरातल्या मुलाच्या हेडफोनला किंवा गाडीला जातो आणि आपण ‘हॅलो, हॅलो’ करीत बसतो. घंटी वाजत नसेल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ पाहावे. एवढ्याने न भागल्यास फोन एकदा बंद करून सुरू करावा.

ऊन आणि पाणी
अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. अ‍ॅपलसारख्या कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरण्यास सांगतात. फार तापलेला फोन स्वतःचा बचाव करताना सिग्नलची ताकदही कमी करू शकतो. गल्ल्याजवळच्या उन्हात किंवा मोटरसायकलच्या टाकीवर फोन ठेवू नये. पावसात भिजल्यास फोन बंद करून हवेशीर जागी वाळू द्यावा. तांदळात ठेवण्याचा उपाय करू नका, असे अ‍ॅपलने २०२४ मध्ये सांगितले आहे, कारण तांदळाचे कण आत जाऊ शकतात.

दुरुस्तीला देताना
वॉरंटी शिल्लक असेल तर प्रथम कंपनीच्या केंद्रावर जावे. बाहेर द्यायचा तर आधी नावे, नंबर, फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत. सिम व कार्ड काढून घ्यावे. पैशाच्या अ‍ॅपचा पिन कोणालाही सांगू नये. *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक वहीत लिहावा. खर्च आधी ठरवावा व बदललेला भाग परत मागावा. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या आमच्या तरुण कारागिरांनाही सांगणे आहे. जिथे जाळी साफ करून काम होते तिथे नवा स्पीकर बसवू नका. आज पन्नास रुपयांत काम करून दिलेला गिऱ्हाईक उद्या चार जणांना घेऊन येईल.

आणि व्यापारी बंधूंनी एक शिस्त पाळावी. फोन कितीही चांगला असो, सौदा ठरताच भाव आणि मीटर उलट म्हणून दाखवावेत, तेही ‘छह-नौ, उनहत्तर’ असे सुटे करून. मग लगेच त्याचा एक संदेश पाठवावा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे, पण माल आल्यावरची हुज्जत त्याने टळते.